वायफाय दिसतंय, पण आयपी मिळेना? स्विचवरची एक ओळ तपासा

अमरावतीतल्या एका होस्टेलमध्ये मी नवीन नेटवर्क लावून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "दादा, वायफाय तर दिसून रायलं, पण कनेक्टच नाही होऊन रायलं!" परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि सगळ्यांचे मोबाइल ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ इथेच अडकलेले.

नेमकं होतं काय?

नेटवर्कमध्ये नव्याने आलेल्या मोबाइलकडे स्वतःचा पत्ता नसतो. पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर कुठे आहे, हेही त्याला माहीत नसतं. म्हणून तो २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ६७ वर, सगळ्यांनाच हाक मारतो. हाच ब्रॉडकास्ट.

पण ही हाक आपल्या व्हीलॅनबाहेर, म्हणजे स्विचवर पाडलेल्या आपल्या गटाबाहेर जात नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात कितीही ओरडा, अकोल्यात ऐकू जाणार नाही. सर्व्हर ‘अकोल्यात’ असेल, तर चौकात एक माणूस हवा. तो हाक ऐकून चिठ्ठी लिहील आणि थेट अकोल्याच्या पत्त्यावर पाठवेल. हा माणूस म्हणजे रिले.

सेटिंग कसं करायचं?

हे काम लेअर ३ स्विच करतो. सिस्कोच्या स्विचवर तीन ओळी लागतात (टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या):

१. इंटरफेस व्हीलॅन २०
२. आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०
३. आयपी हेल्पर-ॲड्रेस १९२.१६८.१०.५

तिसऱ्या ओळीत सर्व्हरचा पत्ता आहे. स्विच चिठ्ठीवर स्वतःचा २०.१ वाला पत्ताही लिहितो. त्यावरून सर्व्हरला कळतं, की मोबाइलला कोणत्या रेंजमधला आयपी द्यायचा. त्यामुळे सर्व्हरवर ती रेंज तयार हवी आणि उत्तर परत यायला रूटही हवा.

माझी चूक इथेच झाली होती. हेल्परची ओळ मी सर्व्हरच्या व्हीलॅनवर टाकली होती. ती मोबाइलच्या व्हीलॅनवर हवी, कारण हाक तिथे ऐकू येते. ओळ हलवली आणि मिनिटभरात फॉर्म उघडायला लागले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

- सिस्कोमध्ये ही ओळ फक्त डीएचसीपी नाही, तर डीएनएस, टीएफटीपी, नेटबायोस असे एकूण ८ यूडीपी पोर्ट पुढे पाठवते. नको ते ‘नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी’ आणि पुढे पोर्ट नंबर लिहून बंद करा.
- मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट होत नसेल, तर हा इलाज चालणार नाही. कास्टसाठी टीव्ही शोधताना २२४.०.०.२५१ वर मल्टिकास्ट जातो, ती वेगळी भानगड आहे.

तुमच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला, तर समजा हाकेला उत्तरच आलं नाही. मोबाइल दहादा रिस्टार्ट करण्यापेक्षा नेटवर्कवाल्याला विचारा, "दादा, आमच्या व्हीलॅनवर हेल्पर टाकला का?"