पट्ट्यावरची मोजणी : यंत्र नग मोजत नाही, चिठ्ठी मोजते

ज्या बंधूंचा माल मोठ्या शहरांतील साखळी दुकानांना जातो, त्यांना अलीकडे एक नवी अट ऐकावी लागते. प्रत्येक नगावर ‘आरएफआयडी’ची चिठ्ठी लावून पाठवा, आमच्या गोदामात खोके न उघडता मोजणी होईल, असे खरेदीदार सांगतो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) मधील हिमरूचे कारीगर, पैठणचे पैठणीवाले आणि तयार कपडे शिवणारे आपले भाऊ विचारतात की, ही भानगड काय आहे आणि तिची जोखीम कोणाच्या डोक्यावर?

माझ्यावर आलेला प्रसंग आधी सांगतो. २४ खोक्यांत प्रत्येकी २० प्रमाणे ४८० जरीकाठी स्टोल मी एका मोठ्या खरेदीदाराच्या गोदामात पाठवले. चलन बरोबर, बिल्टी बरोबर, खोक्यांची संख्याही बरोबर. चार दिवसांनी तेथून कागद आला, ‘माल ४६७ नग, १३ नग कमी, रक्कम कापली.’ मी स्वतः उभे राहून माल भरला होता. गाडीभाडे खर्चून तेथे गेलो, खोकी उघडायला लावली आणि हाताने मोजणी करवली. पूर्ण ४८० भरले. मग ते १३ नग यंत्राला का दिसले नाहीत? हे समजून घेताना जे शिकलो, ते येथे मांडत आहे.

ही चीज आपल्याला अगदी अनोळखी नाही. टेम्पोच्या काचेवरचा फास्टॅग, जो १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला, तो याच जातीचा आहे. न्हावाशेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरवर अशाच चिठ्ठ्या लावून त्यांचा माग ठेवला जातो. डेकॅथलॉनच्या दुकानात गिऱ्हाईक सगळा माल एका पेटीत टाकतो आणि क्षणात बिल होते, तेही याच हुन्नराने. गाडी, मग कंटेनर, आणि आता एकेक कपडा, एवढाच फरक.

चिठ्ठीत साखरेच्या दाण्याहून लहान एक चिप असते आणि तिला जोडलेली पातळ धातूची तार, म्हणजे अँटेना. बॅटरी नसते. वाचणारे यंत्र रेडिओ लहरी सोडते, त्या लहरींच्या जोरावरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. बारकोड यंत्राच्या डोळ्यासमोर धरावा लागतो, ही चिठ्ठी बंद खोक्यातूनही काही मीटरवरून वाचली जाते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. एका डिझाइनच्या शंभर नगांवर बारकोड एकच असतो. येथे मात्र प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे एकच चिठ्ठी दहा वेळा वाचली गेली तरी नग एकच धरला जातो.

गोदामात पट्ट्यावरून खोकी सरकत येतात आणि एका बोगद्यासारख्या पेटीतून जातात. पेटीच्या बाजूंना आणि वर अँटेना बसवलेले असतात. खोके तोंडाशी आले की प्रकाशाचा सेन्सर वाचन सुरू करतो, बाहेर पडले की थांबवतो. सर्व चिठ्ठ्या एकाच वेळी बोलल्या तर गोंधळ होईल. म्हणून मदरशातील हजेरीसारखी व्यवस्था असते. यंत्र सांगते, प्रत्येकाने आपापला एक आकडा मनात धरा आणि त्या आकड्याची पाळी आली की बोला. दोघांचा आकडा एकच निघाला तर त्यांची पाळी पुन्हा लावली जाते. हे सर्व इतके झपाट्याने होते की सेकंदाला शेकडो चिठ्ठ्या वाचल्या जातात. मग ती यादी आपण आधी पाठवलेल्या मालाच्या यादीशी ताडून पाहिली जाते. जुळली तर खोके पुढे जाते, न जुळल्यास बाजूच्या पट्ट्यावर ढकलले जाते.

आता दोष कोठे येतो ते पाहा. यंत्र कापड मोजत नाही, चिठ्ठी मोजते. चिठ्ठी गळून पडली तर नग असूनही नाही. चिठ्ठ्या एकमेकींना अगदी चिकटल्या तर काही मुक्या राहतात. उलट, शेजारचे खोके फार जवळ असेल तर त्याची चिठ्ठीही याच हिशेबात येऊ शकते. आणि रेडिओ लहरींचा सर्वांत मोठा वैरी आहे धातू. अस्सल जर चांदीच्या तारेची असते, नकली जर तांब्याच्या तारेची किंवा प्लास्टिकवर धातूचा थर चढवलेली असते. धातू कमी-अधिक असतोच. माझ्या त्या १३ स्टोलची घडी अशी बसली होती की चिठ्ठी नेमकी जरीच्या काठावर दबली होती. साध्या सुती मालवाल्याला जी अडचण सहसा येत नाही, ती आपल्या शहराच्या खास मालाला येते.

खर्चाची बाबही समजून घ्यावी. २००३ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर अशा चिठ्ठ्या लावण्यास सांगितले. फायदा दुकानाचा आणि खर्च पुरवठादाराचा, म्हणून कुरकुर झाली आणि ती योजना ठरल्याप्रमाणे पार पडली नाही. पुढे चिठ्ठ्या स्वस्त झाल्या आणि कपड्यांच्या धंद्यात त्या रुजल्या. झारा दुकानांच्या मालक कंपनीने २०१४ च्या सुमारास हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. आज साधी चिठ्ठी मोठ्या संख्येने घेतल्यास काही रुपयांत पडते, पण पट्टा आणि बोगदा लाखांच्या घरात जातो. तो आपण बसवायचा नाही. आपल्याला लागतो फार तर हातात धरायचा वाचक, आणि तोही चार-पाच कारखानदारांनी मिळून घेतला तरी चालतो. मात्र बाहेरून स्वस्तात मागवू नका. आपल्या देशात या कामासाठी २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा करण्यात आला. अमेरिकेसाठी किंवा चीनसाठी बनलेले यंत्र वेगळ्या पट्ट्यावर चालते, ते येथे वापरणे कायद्याला धरून नाही.

आता करावे काय? पहिली गोष्ट, चिठ्ठी जरीपासून दूर, दोऱ्याने लोंबती ठेवा आणि घडीत सर्व नगांच्या चिठ्ठ्या एकावर एक येऊ देऊ नका. दुसरी, खोके बंद करण्यापूर्वी हाताच्या वाचकाने मोजा, हातानेही मोजा, आणि क्रमांकांची यादी चलनासोबत जपून ठेवा. तिसरी, सौदा करतानाच लिहून घ्या की, चिठ्ठीचा खर्च कोणाचा, आणि मोजणी न जुळल्यास खोके उघडून हाताने मोजल्याशिवाय रक्कम कापली जाणार नाही. तोंडी शब्दावर राहू नका. समोरचा माणूस भला असला तरी कागद यंत्रातूनच निघतो.

चौथी गोष्ट कारीगर व कारखानदार बंधूंसाठी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. मालाबद्दल हरकत असेल तर खरेदीदाराने ती माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची असते. न कळवल्यास माल पोहोचला त्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते. म्हणून माल पोहोचल्याची तारीख असलेली पावती हातची जाऊ देऊ नका. माझ्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असूनही या तरतुदीचा आधार नाही. आपला आधार आपला लेखी करारच.

या यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाही. एक खोके उघडून, मोजून, पुन्हा बांधायला आमच्या हमालाला जो वेळ लागतो, त्यात पट्ट्यावरून कितीतरी खोकी निघून जातात, आणि मोजणी जुळली तर पैसेही लवकर सुटतात. पण यंत्राच्या आकड्यापुढे आपली मोजणी खरी ठरवायची असेल तर ती आपल्याजवळ कागदावर असली पाहिजे. माप पुरे देणे ही आपली जुनी शिकवण आहे. आता माप पुरे दिल्याचा पुरावा ठेवणे हेही धंद्याचे काम झाले आहे.