ऑपरेशनच्या टेबलावरची ॲलर्जी : आधी सांगा, नंतर लिहून घ्या

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ येऊन विचारतात, "मागे कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का?" पेशंट घाबरलेला असतो, घरचे डिपॉझिट आणि रिपोर्टच्या धावपळीत असतात. मग घाईत उत्तर जाते, "नाही डॉक्टर, तसं काही नाही." आम्हाला वाटते, हा प्रश्न असा उरकून टाकण्यासारखा नाही.

काही जणांच्या शरीराला एखादे औषध शत्रू वाटते. ते रक्तात गेले की शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडून ब्लडप्रेशर कोसळते, श्वासनलिका आवळतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. औषध शिरेतून दिले असेल तर बहुतेक वेळा काही मिनिटांतच हे सुरू होते.

एरवी माणूस "खाज सुटली, जीव घाबरतोय" असे सांगतो. भुलीत तो बोलू शकत नाही. अंग चादरींनी झाकलेले असते, त्यामुळे गांधी लवकर दिसत नाहीत. कधी त्या सुरुवातीला उठतही नाहीत. भुलीच्या औषधांनीही ब्लडप्रेशर उतरतेच. त्यामुळे खरे कारण ओळखणे अवघड जाते.

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तिथल्या सरकारी रुग्णालयांतील वर्षभराच्या अशा घटना तपासून २०१८ मध्ये अहवाल दिला. सुमारे १० हजार वेळा भूल दिली की एकदा गंभीर रिॲक्शन, असे प्रमाण निघाले. तपासलेल्या २६६ रुग्णांपैकी १० दगावले, बाकीचे वाचले. म्हणजे भीतीपोटी ऑपरेशन टाळण्याचे कारण नाही. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, ऑक्सिजन आणि भराभर सलाईन हे उपचार वेळेत मिळाले तर बहुतेक पेशंट सावरतात.

सगळा दोष भुलीच्या औषधाचा, असा आपल्याकडे समज आहे. त्या अहवालात पहिला क्रमांक अँटिबायोटिकचा होता. त्यानंतर स्नायू सैल करणारी औषधे आणि मग क्लोरहेक्सिडीन. हे जंतुनाशक ऑपरेशनपूर्वी कातडीला लावतात आणि काही माउथवॉशमध्येही असते. रबरी हातमोज्यांतील लेटेक्सचीही काहींना ॲलर्जी असते. म्हणून फुगा किंवा हातमोजे लागून खाज येते का, माउथवॉशने तोंड सुजले होते का, हेही डॉक्टरांना सांगा. हातावर केलेली टेस्ट ठीक आली म्हणजे धोका संपला, असेही नाही.

उलट बाजूही आहे. गोळीने मळमळले किंवा जुलाब झाले की आपण "ॲलर्जी आहे" म्हणतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्या बहुतेक लोकांना तपासणीत ती नसल्याचे दिसून येते. अशा चुकीच्या नोंदीमुळे चांगले औषध टाळून दुसरे द्यावे लागते आणि त्या दुसऱ्या औषधाचाही धोका असतोच. म्हणून नुसते "ॲलर्जी" म्हणू नका. काय झाले, किती वेळात झाले, दवाखान्यात भरती व्हावे लागले का, हे सांगा.

आणि रिॲक्शन आलीच, तर पेशंट वाचला म्हणून विषय तिथेच सोडू नका. भूल देताना काही मिनिटांत अनेक औषधे जातात. दोषी कोणते, हे अंदाजाने ठरत नाही. रिॲक्शननंतर काही तासांच्या आत रक्तातील ट्रिप्टेज तपासतात आणि काही आठवड्यांनी कातडीच्या चाचण्या होतात. डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या सर्व औषधांची नावे, वेळा आणि काय घडले, हे लेखी मागून घ्या. तो कागद जपून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा, घरातल्या दोघा-तिघांना पाठवा. पुढचे ऑपरेशन दुसऱ्या गावात, अचानक मध्यरात्री होऊ शकते. "ते लाल इंजेक्शन होतं" एवढ्यावर तिथल्या डॉक्टरला काहीच कळणार नाही. औषधाचे नाव कळले, तर ते टाळता येईल.