डोक्यावरची काच

पाच एचपीच्या सौरपंपाला साडेपाचशे वॉटच्या घरातली नऊ पॅनेल लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, मिरजगावकडे जा नाहीतर राशीनकडे, पिकअप फार तर बांधापर्यंत येते. पुढे ज्वारीचं रान किंवा मुरमाड माळ. मग पोरं टॉवेलची चुंबळ करतात आणि एकेक पॅनेल डोक्यावर घेऊन विहिरीकडे निघतात. सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. चालताना मध्यभाग डोक्यावर आणि दोन्ही टोकं खालीवर हलत असतात. सुपरवायझर असला तर ओरडतो, ‘डोक्यावर घेऊ नका रे, दोघं मिळून उभं धरा.’ तो पाठमोरा झाला की पुन्हा चुंबळ. त्यांचंही चुकत नाही. दिवसाला जितकी जोडणी, तितके पैसे अशी बोली असली की माणूस हाताशी असेल ती सोपी वाट धरणारच.

गंमत अशी की या पॅनेलच्या आतल्या सौरघटाला इथवर येईतो माणसाचं बोट बहुधा लागलेलंच नसतं.

पॅनेल बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात सुरुवातीला येतो तो सेल, म्हणजे सौरघट. सिलिकॉनची निळसर-काळी चौकोनी चकती, बाजू १८२ मिलिमीटरची. लेझरने तिचे दोन तुकडे करतात. मग रबरी चूषकांचा यांत्रिक हात एकेक तुकडा हवेच्या ओढीने अलगद उचलून स्ट्रिंगरमध्ये ठेवतो. तिथे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा सेलच्या माथ्यावरून पुढच्या सेलच्या पोटाखाली जातात आणि उष्णतेने जागच्या जागी डाकल्या जातात. अशा माळा काचेवर मांडायच्या, वर-खाली पारदर्शक प्लास्टिकचा थर, मागे पत्रा म्हणावा तशी बॅकशीट किंवा दुसरी काच. हे सगळं दीडशे अंशांच्या जवळपास तापलेल्या लॅमिनेटरमध्ये हवा काढून दाबलं की एकजीव होतं. मग ॲल्युमिनियमची चौकट, पाठीमागे जंक्शन बॉक्स, आणि शेवटी कृत्रिम सूर्याखाली क्षणभराची परीक्षा. किती वॉट भरले तो आकडा पॅनेलच्या पाठीवर चिकटतो. अशा एका पॅनेलात अर्धे सेल असतात १४४. त्यांच्यावरच्या डाकांची मोजदाद हजारांत जाते. चांगला स्ट्रिंगर तासाला काही हजार सेल गुंफतो.

हे सगळं पाहून कोणीही म्हणेल, मालकाने मजुरी वाचवली. तसा सरळ हिशोब मला पटत नाही. मजुरी भारतात आजही एवढी महाग नाही की केवळ तिच्यासाठी कोट्यवधींचं यंत्र घ्यावं. खरं कारण सेलमध्येच आहे. काही दशकांपूर्वी सिलिकॉनची चकती तीनशे मायक्रॉनहून जाड असे आणि तिच्यावर दोन-तीन रुंद पट्ट्या असत. नजर स्थिर आणि हात हलका असलेली बाई सोल्डरिंगच्या डाकणीने त्या पट्ट्या जोडू शके. सिलिकॉन महाग पडू लागला तशी चकती पातळ करत नेली. आज ती दीडशे मायक्रॉनच्या घरात आली आहे, काही ठिकाणी त्याखालीही. वीज जास्त निघावी म्हणून दोन-तीन पट्ट्यांच्या जागी दहा-सोळा बारीक तारा आल्या. डाकणी जरा टेकली की सेलला तडा. हात वाईट झाला नाही. वस्तूच अशी घडवली गेली की हाताला आत शिरायला जागा उरली नाही.

कर्जतच्या माणसाला हे उसावरून चटकन कळेल. अंबालिका साखर कारखान्याच्या भागात हार्वेस्टर फिरू लागला, तो कोयत्यापेक्षा बरा तोडतो म्हणून नव्हे. त्याच्यासाठी सरी रुंद करावी लागली, बांध काढून शेतं सलग करावी लागली. म्हणजे आधी ऊस यंत्राजोगा केला, मग यंत्र आलं. सौरघटाचंही तसंच.

पण कारखान्यात एक टेबल असतं तिथे हाताचीच सत्ता आहे. माळा मांडून झाल्या की त्यांच्यातून वीज सोडून विशिष्ट कॅमेऱ्याने फोटो घेतात. त्याला ईएल टेस्ट म्हणतात. चांगला सेल चमकतो, तडा गेलेला काळा दिसतो. काळा सापडला की लॅमिनेटरमध्ये जाण्याआधी तो रिपेअर टेबलावर येतो. तिथला कामगार खराब सेल उचकटून नवा बसवतो, हाताने डाकतो. यंत्राच्या चुका निस्तरणारा हा माणूस अख्ख्या लाइनवरचा सगळ्यात कुशल कारागीर असतो. यंत्र जितकं सुधारतं, तितकं त्याच्या टेबलावरचं काम कमी होतं, हे तोही जाणून असतो.

हाताने पॅनेल करण्याची वाट आपल्याकडे अगदीच बुजली होती असं नाही. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्ये देशातला पहिला सौरघट आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनेल बनवलं. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आयआयटी मुंबईच्या प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकारातून राजस्थानातल्या डुंगरपूरला आदिवासी स्त्रियांनी आधी सौर दिवे जोडले आणि मग पॅनेलचा कारखानाच काढला. त्याच धर्तीवर वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडी या गावी बचत गटांतल्या दोनशेवर बायकांनी ‘तेजस्वी’ नावाची सहकारी संस्था उभारून पॅनेल बनवायला घेतली. शेतमजुरी करणारी बाई सेलचा ध्रुव ओळखते, डाक पाहून खोट काढते, हे तिथे दिसलं. कौशल्य शिकता येतं, त्याला पदवी लागत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

अडचण कौशल्याची नव्हती, बाजाराची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतली देशाची पॅनेल उत्पादनक्षमता १०० गिगावॉटवर गेली. २०१४ मध्ये ती सव्वादोन गिगावॉटच्या आसपास होती. सरकारी योजनेत पॅनेल लावायचं तर ते या यादीतलं लागतं आणि कार्यक्षमतेची किमान अटही असते. एवढ्या आकाराशी गावातल्या शेडने वॉटमागच्या पैशात टक्कर द्यायची, हे जमणं कठीणच. आणि मोठ्यांचीही झोप उडालेलीच आहे. चीनच्या पाच बलाढ्य कंपन्यांनी २०२४ या एका वर्षात मिळून सुमारे ८७ हजार माणसं कमी केली, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. तिथे रोबोपेक्षा जास्त दोष गरजेपेक्षा अफाट वाढवलेल्या उत्पादनाचा होता. ज्याची नोकरी गेली त्याला हा फरक सांगून काय उपयोग, ते वेगळं.

मराठी मुलखाचा या धंद्याशी संबंध आहे, पण तो जरा वाकडा. देशातल्या सर्वांत मोठ्या पॅनेल कंपन्यांपैकी एक, वारी, तिचे संस्थापक हितेश दोशी बुलढाणा जिल्ह्यातल्या टुणकीचे. कंपनीचं नाव त्या परिसरातल्या वारीच्या हनुमानावरून. मोठा कारखाना मात्र चिखलीला, आणि ही चिखली बुलढाण्याची नव्हे, गुजरातच्या नवसारी जिल्ह्यातली.

कर्जतला असा कारखाना यावा असं वाटणारे पुष्कळ आहेत. एमआयडीसी हा इथला जुना सल. जुलै २०२३ मध्ये आमदार रोहित पवार या मागणीसाठी विधान भवनाच्या आवारात भर पावसात बसले होते. जागा कोणती, यावरही रण माजलं. त्याआधीच तालुक्याचं नाव सौरऊर्जेशी जोडलं गेलं ते भलत्याच कारणाने. नीरव मोदीच्या मालमत्तेवर २०१८ मध्ये ईडीने टाच आणली, तीत तालुक्यातल्या खंडाळा गावाजवळची जमीन होती आणि सुमारे ७० कोटींचा ५.२४ मेगावॉटचा सौरप्रकल्पही. त्या मार्चमध्ये शेतकऱ्यांनी तिथे जाऊन नांगर धरला. जमीन कवडीमोलाने गेली, हा त्यांचा राग होता.

कारखाना आलाच, तर त्यात कर्जतच्या किती पोरांना काम मिळेल? आधुनिक लाइनला यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ लागतात, ट्रॉली ढकलणारे, पॅकिंग करणारे लागतात. पूर्वीसारखी डाकणारी रांग लागत नाही. एमआयडीसीच्या सभेत हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही.

रोजगार आहे तो बहुतांशी उभारणीत. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांनी २०१९ मध्ये मांडलेला हिशोब बोलका आहे: छतावरच्या सौरऊर्जेत एका मेगावॉटमागे एका माणसाचं २४.७२ वर्षांचं काम निघतं, जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पात ३.४५ वर्षांचं. काम जितकं विखुरलेलं, तितके हात जास्त. शेतातला पंप तर विखुरण्याची कमाल. २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रात महिन्याभरात पंचेचाळीस हजारांवर सौरपंप बसले आणि गिनीजने त्याची नोंद घेतली. त्यातला प्रत्येक खड्डा कुणीतरी खणला, काँक्रीट ओतलं, मग रचना उभी करून पॅनेल वर चढवलं.

मोठ्या प्रकल्पांत रोबो पोचलेही. अमेरिकेच्या एईएस कंपनीने २०२४ मध्ये ‘मॅक्सिमो’ हा पॅनेल बसवणारा रोबो पुढे आणला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तो पॅनेल उचलून जागेवर ठेवतो. ऑस्ट्रेलियात कलकेर्न इथल्या प्रकल्पात एका चिनी रोबोने दहा हजारांच्या आसपास पॅनेल बसवली. दोन्ही ठिकाणी जमीन सपाट, रांगा लांबच लांब. कर्जतच्या माळावर कुठे ओढा, कुठे बाभळ, कुठे सामाईक बांधाचा वाद. तिथे रोबो आणायचा खर्च कोणताही ठेकेदार करणार नाही. गरिबीने आणि उंचसखल जमिनीने हे काम राखून ठेवलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

शेतीच्या फीडरला सौर वीज पुरवणाऱ्या सरकारी योजनेत मात्र गणित वेगळं. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला २०१८ मध्ये तिचा सुरुवातीचा प्रकल्प उभा राहिला. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू रानाला एवढं उत्पन्न कोण देतं? दिवसा वीज मिळते हेही खरं. पण त्याच रानात खुरपणी-काढणीला येणाऱ्या बाईची मजुरी कुंपण पडल्या दिवशी थांबते आणि तिला भाड्यातला हिस्सा नसतो. उभारणीचे काही महिने गजबज, नंतर पहारेकरी, एखादा तंत्रज्ञ आणि धुणारे दोघं-चौघं. इथला हात रोबोने नव्हे, पॅनेलनेच रिकामा केला.

आता पुन्हा डोक्यावरच्या त्या काचेकडे. लवत हललेल्या पॅनेलात सेलला केसाएवढे तडे जातात. काच शाबूत, वरून काहीच दिसत नाही. ईएल कॅमेऱ्याखाली धरलं तरच काळ्या रेषा उमटतात, आणि तो कॅमेरा कारखान्यात राहिलेला असतो. ऊन-गारव्याच्या चक्रात तडा रुंदावतो, वीज हळूहळू घटते. बसवताना पॅनेलवर पाय देऊन नट आवळले तरी हेच. शेतकऱ्याला चौथ्या-पाचव्या वर्षी वाटतं, विहिरीचं पाणी ओढायला पंपच कमी पडतोय. ठेकेदाराची देखभालीची मुदत पाच वर्षांची, कंपनीची पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची; पण तडा कारखान्यात गेला, ट्रकमध्ये गेला की चुंबळीवर, हे सिद्ध कोण करणार?

यावर इलाज महागडा नाही. केंद्राचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम २०१५ पासून चालू आहे, तीनेक महिन्यांचा. पण त्याला दहावी आणि आयटीआयसारखी पात्रता लागते, आणि पॅनेल वाहणारा पोरगा बहुधा त्याच्या अलीकडेच शाळेतून गळालेला असतो. त्याच्यासाठी एका दिवसाचं शिक्षण पुरे: पॅनेल दोघांनी उभं धरायचं, आडवं नाही, चौकटीला धरायचं, केबलला नाही, वर पाय द्यायचा नाही. ठेक्याच्या अटीत हे लिहावं आणि जोडणीमागे पैसे देण्याऐवजी दिवसाची हजेरी द्यावी. सेल तडकू नये म्हणून कारखान्यात कोट्यवधी रुपये ओतणाऱ्यांनी शेवटच्या पाचशे फुटांसाठी दोन माणसांची रोजंदारी वाढवायला काकू करणं मला तरी उमजत नाही. शेतकऱ्यानेही माल उतरताना बांधावर उभं राहावं आणि प्रत्येक पॅनेलच्या पाठीवरचा नंबर वहीत लिहून घ्यावा. पुढे हमीचं भांडण झालंच तर पहिला कागद तोच मागतात.