दीर्घ रशियन कादंबरीचे सहवाचन : कालावधीचा प्रश्न

कादंबरीचे वाचन हा एकांतातील व्यापार आहे, ही समजूत आज इतकी रूढ झालेली आहे की, एखादी प्रदीर्घ कादंबरी पुष्कळ जणांनी मिळून, ठरविलेल्या गतीने, महिनेच्या महिने वाचीत राहावी ही कल्पना प्रथमदर्शनी हौशी मंडळींच्या उपक्रमासारखी वाटते. तथापि असे प्रयत्न अलीकडे वारंवार झालेले आहेत, आणि त्यांसाठी बहुधा एकोणिसाव्या शतकातील रशियन कादंबरीचीच निवड झालेली आहे, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. २०१५ च्या डिसेंबरात ८ ते ११ या चार दिवसांत टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांती' ही संपूर्ण कादंबरी रशियात सुमारे १३०० वाचकांनी आळीपाळीने मोठ्याने वाचली. हे वाचन सुमारे साठ तास चालले व त्याचे देशभर प्रक्षेपण झाले. २०२० च्या मार्चमध्ये, महामारीमुळे लोक घरोघरी कोंडले गेले असता, अमेरिकेतील कादंबरीकार यियुन ली यांनी 'अ पब्लिक स्पेस' या नियतकालिकाच्या साहाय्याने हीच कादंबरी ८५ दिवसांत, दररोज बारा ते पंधरा पृष्ठे याप्रमाणे, वाचण्याचे आवाहन केले. परस्परांना कधी न पाहिलेले अनेक देशांतील वाचक त्यात सामील झाले व आंतरजालाच्या द्वारे आपली निरीक्षणे एकमेकांस कळवीत राहिले. यांखेरीज रोज एक प्रकरण वाचून वर्षभरात ही कादंबरी पुरी करण्याचा प्रघात इंग्रजी वाचकांत बराच रुळलेला आहे.

यांपैकी पहिला प्रकार बाकीच्या दोहोंहून जातीनेच भिन्न आहे. चार दिवस चालणारे वाचन मराठी वाचकाला पारायणाची आठवण करून देईल, आणि ती साम्यकल्पना सर्वस्वी चुकीची नाही. पारायणात ग्रंथ श्रोत्यांच्या परिचयाचा असतो. पुढे काय होणार याची उत्कंठा तेथे नसते आणि असण्याचे कारणही नसते. ग्रंथ सिद्धीस जाणे हेच तेथे फल असते. उलट रोज थोडे वाचून थांबण्याच्या पद्धतीत वाचकाला जे मिळते ते थांबण्यातून मिळते. या लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा. त्याचे समर्थन सामान्यतः सोयीच्या भाषेत केले जाते : ग्रंथ मोठा आहे, एकट्याने धीर सुटतो, सोबत असली म्हणजे तो टिकतो. हे खरे असले तरी अपुरे आहे. या कादंबऱ्यांच्या घडणीतच वाट पाहण्याचा काळ अंतर्भूत आहे आणि बांधीव ग्रंथाने तो काळ वाचकापासून हिरावून घेतला, ही खरी महत्त्वाची बाब होय.

मूळ प्रकाशनाचा इतिहास पाहिल्यास हे स्पष्ट होते. 'युद्ध आणि शांती'चा आरंभीचा भाग '१८०५' या नावाने मॉस्कोच्या 'रूस्की वेस्तनिक' या मासिकात १८६५ व १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्याच मासिकात १८६६ साली डोस्टोव्हस्कीची 'अपराध आणि शिक्षा' क्रमशः येत होती. म्हणजे एकाच वर्गणीत त्या वर्षीच्या वाचकाला या दोन्ही ग्रंथांचे हप्ते घरपोच मिळत होते. यापुढचा भाग मासिकात न येता १८६८-६९ मध्ये सहा खंडांच्या रूपाने बाहेर पडला. प्रारंभीच्या हप्त्यापासून अखेरच्या खंडापर्यंत जवळजवळ पाच वर्षे लोटली. या अवधीत वाचक स्वस्थ बसलेले नव्हते. तरुणपणी बोरोदिनोच्या लढाईत पाय गमावलेले आणि पुढे शिक्षणमंत्री झालेले नोरोव यांनी, आपण पाहिलेले युद्ध या ग्रंथात यथार्थ उतरलेले नाही, अशी तक्रार १८६८ मध्ये लेखाद्वारे केली. त्याच वर्षी, ग्रंथ अपुरा असतानाच, टॉल्स्टॉयने स्वतःच्या पद्धतीचे स्पष्टीकरण करणारा लेख 'रूस्की आर्खीव' या नियतकालिकात लिहिला. पुढचे खंड निघण्यापूर्वीच मागच्या खंडांवर वाद झडत होता आणि लेखकही त्यात बोलत होता.

'अ‍ॅना कॅरेनिना'चे उदाहरण याहून बोलके आहे. ती कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात, मध्ये दीर्घ खंड पडत, याच मासिकातून आली. सर्बियाच्या बाजूने लढावयास जाणाऱ्या रशियन स्वयंसेवकांविषयी टॉल्स्टॉयने आठव्या भागात व्यक्त केलेली मते संपादक कात्कोव यांना मान्य होईनात, तेव्हा तो भाग छापण्याचे त्यांनी नाकारले. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी वस्तुतः संपलीच आहे, अशा आशयाची टीप देऊन उरलेल्या कथानकाचा सारांश त्यांनी वाचकांच्या हाती ठेवला! टॉल्स्टॉयने आठवा भाग १८७७ मध्येच स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. दोन वर्षांहून अधिक काळ या कथेबरोबर चाललेल्या वाचकांना तिचा शेवट कोठे मानावयाचा, हा प्रश्न अशा रीतीने प्रत्यक्षच पडला. 'कारामाझोव बंधू' १८७९ च्या जानेवारीपासून १८८० च्या नोव्हेंबरपर्यंत चालू होती. वृद्ध कारामाझोवचा वध कोणी केला, या शंकेने व्याकुळ झालेल्या एका वाचक महिलेला डोस्टोव्हस्कीने १८७९ च्या नोव्हेंबरात पत्र लिहून उत्तर कळविले व पुढील भागांत सर्व उलगडा होईल असे सांगितले. ज्या रहस्यासाठी आजचा वाचक रात्री जागवून ग्रंथ संपवितो, ते त्या काळी महिनोन्महिने घराघरांतून चर्चिले जात होते.

हा प्रकार मराठीला अपरिचित आहे असे नव्हे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून १८९० पासून क्रमशः आली तेव्हा तिच्या वाचकांनीही यमूची कहाणी आठवड्यांच्या अंतराने ऐकली. आज ती सलग वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातील पाल्हाळ जाणवतो. तो पाल्हाळ कितपत लेखकाचा आणि कितपत वाचनाच्या बदललेल्या गतीचा, याचा निवाडा अद्याप कोणी नीटसा केलेला नाही.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. 'युद्ध आणि शांती'च्या रूढ रशियन पाठात ३६१ प्रकरणे आहेत. लुईझ व एलमर मॉड या दांपत्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रचलित पाठात विभागणी पंधरा पुस्तके व दोन उपसंहार अशी असून प्रकरणांची संख्या ३६५ भरते. हा फरक क्षुल्लक दिसला तरी निरनिराळी भाषांतरे घेऊन बसलेल्या गटात पहिल्याच महिन्यात घोटाळा उत्पन्न करतो. कारण पहिल्या पुस्तकातच एका पाठात पंचवीस आणि दुसऱ्यात अठ्ठावीस प्रकरणे आहेत. ३६५ हा आकडा वर्षाच्या दिवसांशी जुळावा हा निव्वळ योगायोग होय, पण त्याचे परिणाम मनोरंजक आहेत. १ जानेवारीस आरंभ केल्यास, व लीप वर्ष नसल्यास, सहाव्या पुस्तकाचे पहिले प्रकरण १७ एप्रिलला येते. प्रिन्स आंद्रेई वसंताच्या आरंभी प्रवास करीत असता कोवळ्या पालवीने नटलेल्या बर्च वृक्षांमध्ये एक जुनाट, निष्पर्ण ओक पाहतो, आणि आपले आयुष्यही याच्यासारखेच सरले आहे, असा निष्कर्ष काढतो, ते हे प्रकरण. दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणात ओत्राद्नोये येथील चांदणी रात्र आहे : वरच्या मजल्यावरील खिडकीतून नताशाचे बोलणे त्याच्या कानी पडते. तिसऱ्या दिवशी, जूनच्या आरंभी, परतताना त्याला तोच ओक ओळखू येत नाही, इतका तो पानांनी भरून गेलेला असतो.

सलग वाचणाऱ्यास ही तीन प्रकरणे अर्ध्या तासात संपतात, आणि मग ओकाचे प्रतीक जरा ढोबळ वाटू लागते. अनेक टीकाकारांना ते तसे वाटलेही आहे. परंतु ज्या वाचकाने पहिल्या ओकापाशी एक रात्र काढली, त्या प्रिन्सच्या निराशेशी सहमत अथवा असहमत होऊन सहवाचकांशी दोन शब्दांची देवाणघेवाण केली, त्याच्या दृष्टीने दुसरा ओक हा युक्तिवादाचा पुरावा राहत नाही. मधल्या काळात त्याचे स्वतःचे मत थोडे हललेले असते. ओक बदललेला नसून पाहणारा बदलला आहे, हे टॉल्स्टॉयला सुचवावयाचे आहे. ते पटण्यासाठी पाहणारा बदलण्याइतका वेळ मध्ये जावा लागतो.

गटाचे खरे कार्य या ठिकाणी दिसते. एकटा वाचक मनात आणील तेव्हा पान उलटू शकतो. त्याला थांबविणारे कोणी नसते. मासिकाचा वाचक नाइलाजाने थांबत असे. आज हा नाइलाज परस्परांच्या संमतीने निर्माण करावा लागतो, आणि तो निर्माण करण्याचे साधन म्हणजे गट. गटाची आवश्यकता चर्चेपेक्षाही या विरामासाठी अधिक आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चर्चा तर विद्यापीठाच्या वर्गातही होते. परंतु वर्गात बहुधा सर्वांनी कादंबरी आधीच संपविलेली असते, निदान संपविली असल्याचे सांगितलेले असते.

येथेच एक अडचण उद्भवते. १८६५ च्या वाचकाला शेवट ठाऊक नव्हता. आजच्या गटात तो काहींना निश्चित ठाऊक असतो. चौदाव्या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात कोवळा पेत्या रोस्तोव हल्ल्याच्या आदल्या रात्री तलवारीला धार लावून घेतो आणि गाडीवर बसून अर्धवट झोपेत सुरांचे एक अद्भुत गान ऐकतो. प्रकरण पहाटे संपते. पुढच्याच प्रकरणात तो मारला जातो. वरील हिशेबाने हे वाचन ५ नोव्हेंबरला येते. आदल्या दिवशी ज्यांना हे माहीत आहे त्यांनी काय करावे? अनुभवी गटांत याबाबत मौनाचा अलिखित नियम असतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यामागील कारण केवळ उत्कंठा राखणे एवढेच नाही. पेत्या मरणार हे कळलेला वाचक त्या गानाकडे मृत्यूची पूर्वसूचना म्हणूनच पाहील. न कळलेला वाचक ते एका मुलाच्या आनंदाचे चित्र म्हणून घेईल. दुसरे वाचन मजकुराला अधिक धरून आहे. त्याच अकराव्या प्रकरणाच्या अखेरीस, सोडविलेल्या रशियन कैद्यांत पिएरही होता, हे टॉल्स्टॉय जाता जाता एका वाक्यात सांगतो. देनिसोवच्या शोकात बुडालेल्या वाचकाच्या नजरेतून ते वाक्य सहज निसटते. गटात कोणा एकाच्या तरी ते लक्षात येते, आणि एक मृत्यू व एक सुटका एकाच पानावर का ठेवली, याचा विचार सर्वांना करावा लागतो.

नावांच्या गुंतागुंतीविषयी बरेच लिहिले जाते. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. मधले नाव पित्याचे असणे हे मराठी वाचकास नवीन नाही, आणि नातवाला आजोबांचे नाव देण्याची चालही त्याच्या घरातली आहे. त्यामुळे वृद्ध प्रिन्स निकोलाय बोल्कोन्स्की व त्याचा नातू निकोलेन्का यांत त्याला गोंधळण्यासारखे काही वाटू नये. निकोलाय रोस्तोव हा तिसरा, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे झाले. फ्रेंच संभाषणांची बाब मात्र वेगळी आहे. मॉड दांपत्याने त्यांचा बहुतांश भाग इंग्रजीत आणला, तर पेव्हियर व व्होलोखोन्स्की यांच्या २००७ च्या भाषांतरात ती मूळ फ्रेंचमध्येच ठेवून तळटीपांत अर्थ दिला आहे. कोणते पात्र केव्हा आपली भाषा सोडून परकी भाषा बोलते, हे एका भाषांतराच्या वाचकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. दोन्ही प्रती एकाच गटात असणे म्हणूनच लाभाचे ठरते.

सहवाचनाचे दोष झाकण्याचेही कारण नाही. रोजच्या प्रकरणावर रोज मत द्यावयाचे म्हटले म्हणजे पात्रांच्या वर्तनावर निकाल देण्याची सवय जडते. नताशा अनातोलच्या नादी लागते तेव्हा चार-आठ दिवस गट न्यायसभेचे रूप घेतो, आणि बहुमताने दिलेला निकाल पुढे बदलणे व्यक्तीपेक्षा समूहाला अवघड जाते. जो भाग चर्चेला सुलभ तोच महत्त्वाचा, असाही ग्रह होऊ लागतो. कुतुझोवचे डुलक्या घेणे बोलण्याजोगे असते. इतिहासाच्या कारणमीमांसेवरील प्रकरणे तशी नसतात, म्हणून ती मुकाट्याने ओलांडली जातात.

या उपेक्षेची कसोटी अखेरीस लागते. पहिल्या उपसंहाराचे शेवटचे प्रकरण १९ डिसेंबरला येते : पित्याच्या आठवणीने भारलेला निकोलेन्का स्वप्नातून जागा होतो आणि त्याचे मनोगत अपुरेच राहते. २० ते ३१ डिसेंबर हे बारा दिवस दुसऱ्या उपसंहाराचे, ज्यात एकही पात्र नाही. आहे तो इच्छास्वातंत्र्य व नियती यांचा ऊहापोह. पुष्कळ वाचक १९ डिसेंबरलाच ग्रंथ मिटतात. त्यांना स्वतः टॉल्स्टॉयचाच आधार दाखविता येईल, कारण १८७३ च्या आवृत्तीत त्याने इतिहासविषयक चिंतन कादंबरीच्या अंगातून काढून परिशिष्टात घातले होते आणि फ्रेंच संभाषणेही रशियनमध्ये आणली होती. ज्यांना अखेरपर्यंत जावयाचे आहे त्यांना १८६८-६९ ची मूळ रचना आधाराला आहे, आणि पुढील काळात तीच पुन्हा रूढ झाली. एकाच लेखकाने पाच वर्षांच्या आत दिलेले हे दोन परस्परविरोधी कौल आहेत. त्यांपैकी कोणता पाळावयाचा, हे गटाने जानेवारीत ठरविलेले बरे. डिसेंबरात तो प्रश्न थकलेल्या वाचकांपुढे येतो, आणि थकलेल्यांचे उत्तर ठरलेले असते.