वारंवार न्यूमोनिया? हृदयाची झडपही तपासा

आठ महिन्यांचे बाळ तिसऱ्यांदा न्यूमोनियासाठी दवाखान्यात येते. दरवेळी अँटिबायोटिक, वाफ आणि चार-पाच दिवसांनी घरी. मधल्या काळात खोकला पूर्ण जात नाही, वजन वाढत नाही. अंगावर पिताना बाळ मध्येच थांबून धापा टाकते, कपाळ घामाने भिजते. अशा बहुतेक बाळांना संसर्गच झालेला असतो; काहींच्या आजाराचे मूळ मात्र हृदयात असते. त्यातले एक दुर्मीळ कारण म्हणजे जन्मतःच अरुंद असलेली मायट्रल झडप. दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. त्या शंभर बाळांत या दोषाचे एकही सापडेलच असे नाही.

फुप्फुसांतून शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येते आणि मायट्रल झडपेतून खालच्या कप्प्यात उतरते. ही वाट अरुंद असेल तर रक्त मागे तुंबते, फुप्फुसांतला दाब वाढतो, त्यात पाणी झिरपते. म्हणूनच लक्षणे छातीच्या आजाराची दिसतात. तुंबलेली फुप्फुसे एक्स-रेमध्येही न्यूमोनियासारखी भासू शकतात. हृदयाचा जादा आवाज, म्हणजे मर्मर, इथे हळू आणि खर्जातला असतो. रडणाऱ्या, धापा टाकणाऱ्या बाळात तो सहज निसटतो.

अडथळा नेमका कुठे?

निदानाचा खरा आधार म्हणजे टू-डी इको, हृदयाची सोनोग्राफी. मात्र ‘झडप अरुंद आहे’ एवढे कळून भागत नाही. झडपेच्या दोऱ्या एरवी दोन स्नायूंना बांधलेल्या असतात. काही बाळांत त्या एकाच स्नायूला जोडलेल्या असतात आणि झडप पॅराशूटसारखी दिसते. काहींत झडपेच्या लगेच वर कडे असते, तर काहींत झडप चांगली असून वरच्या कप्प्यातच आडवा पडदा असतो. हा पडदा शस्त्रक्रियेने काढला की बाळ बहुधा चांगले सुधारते. त्यामुळे तो ओळखणे फार मोलाचे.

तपासणीत एक चकवाही आहे. वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठे छिद्र असेल तर रक्त तिकडून निसटते आणि झडपेचा अडथळा आहे त्यापेक्षा सौम्य भासतो. शिवाय हा दोष नेहमी एकटा नसतो. १९६३ मध्ये शोन आणि सहकाऱ्यांनी डाव्या बाजूचे चार अडथळे एकत्र आढळणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. त्यातला एक महाधमनीचा अरुंदपणा. म्हणून पायांची नाडी आणि हातापायांचा रक्तदाब पाहायलाच हवा.

आपल्याकडे मायट्रल झडप अरुंद म्हटले की आधी संधिवाताचा ताप आठवतो. तो आजार सहसा शाळकरी वयात किंवा पुढे दिसतो. त्यात झडपेच्या कडा चिकटतात आणि फुग्याने त्या सुट्या करता येतात. जन्मजात दोषात झडपेची घडणच बिघडलेली असल्याने फुगा तितका उपयोगी पडत नाही. औषधांनी फुप्फुसांवरचा भार कमी करणे, बाळाचे वजन वाढवणे आणि शक्य तेव्हा झडप दुरुस्त करणे, हा क्रम असतो. कृत्रिम झडप बाळाबरोबर वाढत नाही, म्हणून बदलण्याची घाई टाळतात.

पालकांनी काय पाहावे?

बाळ शांत झोपले असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेग जास्त. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, पिताना घाम येत असेल, वजन अडकले असेल, तर ‘हृदय तपासायचे का?’ असे जरूर विचारावे. जुने एक्स-रे आणि वजनाची नोंद सोबत न्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे. अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी बाळाला आवर्जून न्यावे.