एकवीस दिवसांचे गणित
(द्वितीय वर्ष, कला)

कर्करोग हा शब्द आपल्याकडे मोठ्याने कोणी उच्चारत नाही. 'तिला ते झालंय' एवढेच म्हणतात. त्यातून तो अंडाशयाचा असला, तर घरातल्या पुरुषांपुढे त्याचे नाव घेणेही अवघड होऊन बसते. माझ्या धाकट्या मावशीला वयाच्या चौतिसाव्या वर्षी हा आजार झाला. तिचा मुलगा दुसरीत, मुलगी साडेतीन वर्षांची. ती दौंडला राहते, आम्ही शिरूरला. तिच्या फायलीतले इंग्रजी कागद वाचणारी आमच्या घरात मी एकटीच. त्यामुळे वर्षभर ते काम माझ्याकडे राहिले. त्यातून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते येथे मांडीत आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन ग्रंथी असतात, त्या म्हणजे अंडाशये. बायकांच्या बोलण्यात या सगळ्यालाच 'पिशवी' म्हणतात. पण पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि पिशवी काढली म्हणजे अंडाशयेही काढली असे नसते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो. तो बहुधा पन्नाशीनंतर आढळतो, म्हणून तरुण बाईच्या बाबतीत संशय लवकर कोणाला येत नाही.

शिवाय त्याची लक्षणे अगदी साधी असतात. पोट फुगते, ओटीपोटात दुखते, अर्ध्या भाकरीत पोट भरल्यासारखे वाटते, लघवीला वारंवार जावे लागते. हे कोणत्या बाईला होत नाही? मावशीने चार महिने 'गॅस झालाय' म्हणून ओवा खाल्ला, पित्ताच्या गोळ्या घेतल्या. पोटात पाणी साठून पातळ नेसवेना तेव्हा सोनोग्राफी झाली. तोवर आजार तिसऱ्या अवस्थेत गेला होता, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरला होता. बहुसंख्य रुग्णांचे निदान याच सुमारास होते. वेळीच चाळणी करणारी एखादी तपासणी असावी, असे कोणालाही वाटेल. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर तसा प्रयोग झाला. रक्तातील सीए-१२५ची चाचणी आणि सोनोग्राफी नियमित करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. त्यामुळे आजही भिस्त आहे ती लक्षणांकडे लक्ष देण्यावरच.

उपचाराचे दोन भाग असतात: शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी. शस्त्रक्रियेत अंडाशये, नलिका, गर्भाशय आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढतात. डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे राहू नये हा उद्देश. आजार फार पसरलेला असेल तर आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन केमो असा क्रम ठेवतात. मावशीचा तसाच होता. औषधे दोन, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. पहिले प्लॅटिनम धातूपासून तयार होते. प्लॅटिनमची संयुगे पेशींची वाढ थांबवतात, हे बार्नेट रोझेनबर्ग यांच्या १९६५च्या प्रयोगातून लक्षात आले. दुसरे औषध प्रथम अमेरिकेतील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळाले. दोन्ही सलाईनमधून देतात, दर एकवीस दिवसांनी.

एकवीसच दिवस का? ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण केसांची मुळे, तोंडाची आतली त्वचा आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. त्या चांगल्या पेशी सावरायला तीन आठवडे लागतात. घरात लहान मुले असली की या तीन आठवड्यांचे गणित मांडावेच लागते. मावशीचे पहिले पाच दिवस मळमळ आणि अंगदुखीचे. फोडणीचा वास सहन होत नसे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी कमी असतात. त्या काळात ताप १००.४ अंशांवर गेला, तर घरी गोळी घेऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. आणि तिसरा आठवडा बरा.

आमची सारी व्यवस्था या गणितावर बसवली. मुलाची शाळा बुडू नये म्हणून तो आजीबरोबर दौंडलाच राहिला. मुलगी अंगणवाडीतून दर आठवड्याला सर्दी घेऊन येई, म्हणून पहिले दोन आठवडे ती आमच्याकडे शिरूरला. तिसऱ्या आठवड्यात तिला न्हावऱ्यावरून चौफुला, पुढे पाटस अशी दौंडला पोचवायची, आणि केमोच्या आदल्या दिवशी पुन्हा आणायची. असे सहा वेळा केले. आणताना ती चौफुल्यापर्यंत रडे. पुढे तिलाच हिशेब कळला. 'आता आईचा चांगला आठवडा आला का?' असे ती विचारू लागली.

मुलांना काय सांगायचे, हा प्रश्न घरात सर्वांत अवघड ठरला. काही सांगू नका, असे थोरल्यांचे मत. पण मुले पाहतातच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मावशीचे केस जाऊ लागले, तेव्हा मुलाने आजीला विचारले, 'मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली का?' रुग्णालयातील समुपदेशक बाईंनी तीन गोष्टी स्पष्ट सांगायला लावल्या. आजाराचे नाव हे. तो कोणाच्या चुकीने झालेला नाही. आणि तो शिवल्याने होत नाही. ही तिसरी गोष्ट मोठ्यांनाही सांगावी लागली, कारण शेजारणीने ताट-वाटी वेगळी ठेवण्याचा सल्ला दिला होता. वास्तविक आईला मुलांपासून जपायचे असते, ते त्यांच्या सर्दी-खोकल्यासाठी. आई बरी होणार का, या प्रश्नाला मावशीने उत्तर दिले, 'डॉक्टर प्रयत्न करताहेत, मीही करतेय.' खोटे आश्वासन तिने दिले नाही.

खर्चाविषयीही लिहिले पाहिजे, कारण काकांचे गुऱ्हाळावरचे काम रोजंदारीचे आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली राज्याची जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तिच्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो बसते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, रेशनकार्ड घेऊन प्रथम त्याला भेटावे. सल्ल्यासाठी मावशीला परळच्या टाटा रुग्णालयात नेले होते. हे रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. दौंड जंक्शन असल्याचा तेव्हा उपयोग झाला. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर वर्गात भाडे पडत नाही, आणि सोबत्याला पाऊणपट सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक दाखला लागतो. मुंबईत राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पण बुडालेला रोज कोणतीही योजना भरून देत नाही. त्यासाठी मावशीने डोरले मोडले.

आता आनुवंशिकतेविषयी. या आजाराच्या दर दहा रुग्णांपैकी एक-दोघींमध्ये त्याचे मूळ बीआरसीए नावाच्या जनुकातील दोषात असते. यातील पहिले जनुक १९९४ मध्ये, दुसरे १९९५ मध्ये सापडले. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकीच्या आसपास. पहिल्या जनुकात दोष असेल तर ती चाळीसच्या आसपास जाते. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मावशीत हा दोष निघाला. तिला त्याचा एक फायदाही आहे. केमोनंतर आजार लांबवणाऱ्या ओलॅपॅरिबसारख्या गोळ्या अशा रुग्णांना अधिक लागू पडतात.

माझ्या आईनेही रक्त दिले आहे, अहवाल यायचा आहे. तिच्यात हा दोष नसेल तर माझ्यापुरता प्रश्न मिटला. असेल, तर तिला अंडाशये व नलिका आधीच काढून घेण्याचा सल्ला मिळेल, आणि काही वर्षांनी माझीही तपासणी होईल. आई म्हणाली, 'तुझ्या लग्नाच्या वेळी हे कोणाला सांगू नकोस.' मी काही बोलले नाही; पण हा लेख तिला वाचून दाखवूनच संपादकांकडे दिला आहे.

मावशीची सहावी केमो होऊन आता पाच महिने झाले. पायांच्या बोटांना अजून मुंग्या येतात, आणि अंडाशये काढल्याने अंगातून वाफा निघाल्यासारखे होते. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. तिसऱ्या अवस्थेतला हा आजार पुष्कळदा परत येतो, हे ती जाणते. आणि मुलीला पहिलीत घालण्याच्या तयारीलाही लागली आहे.

वाचक मैत्रिणींना आणि बंधूंना एवढीच विनंती आहे. घरातल्या आईला, मावशीला, वहिनीला पोट फुगणे, दुखणे, भूक मंदावणे असे रोज होऊ लागले आणि दोन-तीन आठवड्यांत ते थांबले नाही, तर ओव्यावर भागवू देऊ नका. सोबत जा, आणि 'सोनोग्राफी करायची का?' असे डॉक्टरांना स्वतः विचारा. बहुतेक वेळा काही निघणार नाही. पण आपण शिकतो आहोत, तर निदान एवढे विचारण्याचे काम आपले आहे.