गोधडीचा आडोसा

आषाढात पत्र्याच्या घरात गाणं रेकॉर्ड करायला बसू नये. मी बसलो होतो. आंदर मावळातल्या एका वाडीत एकादशीचं भजन होतं. बुवांचा गळा खणखणीत, पखवाजावर बसलेला पोरगा तयारीचा, आणि टाळकरी एका जिवाने वाजवणारे. मोबाइल खुंटीला अडकवून मी निर्धास्त झालो. घरी येऊन हेडफोन लावले, तर तासभर नुसता पाऊस. बुवा कुठे तरी लांब, नाल्यापलीकडून गातायत असं वाटावं. पखवाजाची धुमी पार गडप. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या रात्रीचा त्यातला वाटा त्या पत्र्यावर पडत होता.

चांगला माइक हवा होता, हे पहिल्यांदा मनात आलं. ते चूक होतं. चांगल्या माइकने तोच पाऊस आणखी स्वच्छ टिपला असता.

गेली काही वर्षं मावळातल्या गावांतून गाणारी, वाजवणारी, कविता म्हणणारी तरुण मुलं भेटतात. कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा, सगळीकडे. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: कमी पैशात घरी रेकॉर्डिंग करायचंय, माइक कुठला घेऊ? मी हल्ली उलट विचारतो, कुठल्या खोलीत गाणार आहेस, किती वाजता, आणि तोंड माइकपासून किती लांब ठेवणार आहेस? या तिन्हींना पैसे पडत नाहीत, आणि रेकॉर्डिंगचं बरंवाईट बहुतांशी इथेच ठरतं.

या म्हणण्याला आधार आपल्याच डोंगरांत आहे. बारा मावळांचा जुना हिशेब धरला तर पौड खोरंही मावळच, आज आपण त्याला मुळशी तालुका म्हणतो. तिथल्या डोंगरी गावांत हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे इथलेच झालेले गी पॉइटवाँ ऐंशीच्या दशकात कष्टकरी बायांबरोबर काम करत होते. त्या कामातून जात्यावरच्या ओव्या त्यांच्या हाती लागल्या. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या वतीने गावोगावच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाख दहा हजारांहून अधिक ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे अभियंता-संगीतशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची संगणकावर मांडणी लावली, आणि १२० तासांच्या वर ध्वनिमुद्रण झालं.

हे ध्वनिमुद्रण गावात झालं, बायांच्या घरी. त्यांना मुंबई-पुण्याच्या काचबंद स्टुडिओत नेलं असतं, लाल दिवा लागला की गा म्हणून सांगितलं असतं, तर त्यांचा गळा आवळला असता. ओवी ही समोरच्या परक्या माणसासाठी नसतेच. ती जात्याला, आईला, भावाला, विठ्ठलाला सांगितलेली असते. शेजारीण किंवा जाऊ बाजूला बसली, तिने पुढची ओळ उचलली, की दुसरीला विसरलेली ओवी आठवते. ती आठवण त्या घरातच येते. तेव्हा घर हे रेकॉर्डिंगसाठी नाइलाजाने पत्करायचं ठिकाण आहे असं मी मानत नाही. काही गाण्यांना दुसरी जागाच नसते.

त्या रेकॉर्डिंगच्या वेळी विजेच्या गिरण्या गावोगाव पोचल्या होत्या आणि जाती कोपऱ्यात सरकली होती. आणखी वीस वर्षं कोणी थांबलं असतं, तर त्यातला किती भाग हाती लागला असता? पॉइटवाँ २००४ साली गेले. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने या ओव्या क्रमाने प्रसिद्ध करायला घेतल्या, आणि त्या निमित्ताने त्यांची माणसं पुन्हा त्याच गावांत, त्याच घरांत जाऊन आली. आज कोणीही त्या ऐकू शकतं. रेकॉर्डिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने त्या हेडफोन लावून ऐकाव्यात असं मी सांगतो. मागे कोंबडं आरवतं, कुणाचं पोर बोलतं, आणि तरी ओवीतला एकेक शब्द कळतो. कारण गाणारी बाई माइकच्या जवळ आहे आणि निवांत आहे.

घरातल्या रेकॉर्डिंगचं परदेशातही एक मोठं उदाहरण आहे. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक नोंदवणारं यंत्र बाजारात आणलं, पोर्टास्टुडिओ. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाने जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात तसलं यंत्र आणि शूर कंपनीचे दोन एसएम५७ माइक घेऊन गाणी नोंदवली. ती कच्ची होती, वादकांना चाल कळावी एवढ्यापुरती. पुढे स्टुडिओत सगळ्या ताफ्यासह तीच गाणी वाजवून पाहिली, पण घरातल्या कॅसेटमधला जीव तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. एसएम५७ हा माइक १९६५पासून बनतोय आणि आजही मिळतो.

आता खोलीकडे येतो. खोली म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जावं. तिथला चैत्य सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच, वर लाकडी फासळ्यांची कमान. दाराशी उभं राहून टाळी वाजवली, तर आवाज सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि मग तो कमानीत घुमत राहतो. संथ लयीतला मंत्र तिथे भरून येतो. तीच जागा द्रुत तानेला मारक. एक स्वर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि सगळा चिखल होतो.

आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही हेच घडतं, फक्त भिंत तीन मीटरवर असल्याने आवाज सेकंदाच्या साठाव्या भागातच परततो. एवढ्या थोड्या अवधीत कानाला ते दोन वेगळे आवाज कळत नाहीत. नुसतं वाटतं की गाणारा रिकाम्या डब्यात तोंड घालून गातोय. नव्या बंगल्यातला हॉल, चकचकीत फरशी, काचेचं शोकेस, उघड्या भिंती, हा सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा जुन्या कौलारू घरातलं माजघर कितीतरी बरं. भिंती खडबडीत, एका बाजूला कणगी, दुसरीकडे इंद्रायणी तांदळाची पोती, वर वाशांच्या मधली पोकळी. आवाज कुठे तरी मुरतो, कुठे तरी विखुरतो, सरळ तोंडावर परत येत नाही.

माजघर नसलं तर गोधडी आहे. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टांगायच्या, भिंतीपासून हातभर पुढे. पाठीमागची सगळ्यांत महत्त्वाची, कारण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं आणि गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून आलेला आवाज त्यात थेट शिरतो. आजीच्या लुगड्यांच्या थरांची जाड गोधडी बाजारात मिळणाऱ्या पातळ फोमपेक्षा चांगलं काम करते, हे मी दोन्ही लावून पाहिलंय. गोधडी वरचे, तीव्र आवाज खाते. पखवाजाच्या धुमीसारखे खर्जातले आवाज तिला आवरत नाहीत. खर्जासाठी खोलीच्या कोपऱ्यापासून दूर बसणं एवढाच बिनपैशाचा उपाय.

मग अंतर. माइक आणि ओठ यांत एक वीत. गाणारा दुप्पट लांब गेला की माइकपाशी त्याचा आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, रातकिडे मात्र होते तेवढेच राहतात. माझ्या त्या आषाढी रेकॉर्डिंगमध्ये मोबाइल बुवांपासून दहा फुटांवर होता. चूक पावसाची कमी आणि खुंटीची जास्त होती. वितीवर माइक आला की ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना वाऱ्याचा फटका बसतो. त्यासाठी माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत ठेवावा, किंवा भरतकामाच्या रिंगेवर पातळ नायलॉनचं कापड ताणून मध्ये धरावं.

वेळेचं म्हणाल तर मावळात तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंतचे महिने उत्तम. हवा कोरडी, आकाश मोकळं. लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दोन दिवस नुसतं ऐकून वही भरावी: मालगाडी केव्हा जाते, लोकल केव्हा, पंप केव्हा सुरू होतो. पहाटे चार ते सहा हा काळ मला सगळ्यांत शांत वाटला. जात्यावर बसायचीही हीच वेळ होती. फ्रिज आणि पंखा बंद करायचा, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवायचा, म्हणजे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बहुधा जाते.

आता पैशाचं. पहिल्या सहा महिन्यांत हातातला मोबाइलच वापरावा, फक्त डब्ल्यूएव्ही स्वरूपात नोंदवणारं आणि आवाजाची आपोआप चढ-उतार बंद करू देणारं ॲप घ्यावं. आपोआप चढ-उतार चालू असली की गाणारा थांबल्याबरोबर मोबाइल मागची शांतता फुगवतो आणि रातकिडे अंगावर येतात. संगणक असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे, २०००पासून सर्वांना खुलं आहे. पुढे पैसे जमले की आधी तारेचे, कान झाकणारे हेडफोन घ्यावेत. ब्लूटूथचे चालत नाहीत, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ताल चुकतो. त्यानंतर दोन तोंडांचं छोटं ऑडिओ इंटरफेस आणि एक डायनॅमिक माइक. डायनॅमिकच का? कंडेन्सर माइक नाजूक तपशील टिपतो हे खरं, पण तो ४८ व्होल्टचा पुरवठा मागतो, शेजारच्या अंगणातली कुजबुजही पकडतो, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत त्याला जपावं लागतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतातच. डायनॅमिक माइक जवळचं ऐकतो, लांबचं सोडून देतो. ज्याची खोली बेताची, त्याला हाच खरा सोबती. हे सगळं मिळून मध्यम मोबाइलच्या किमतीत बसतं. एवढा खर्च करूनही खुंटीवरचा माइक खुंटीवरच राहिला, तर पैसे पाण्यात.

नोंदवताना आवाजाची पातळी शून्याच्या बारा डेसिबल खाली राहील अशी बेतावी. भजनी माणूस रंगात आला की चढतोच. पातळी शून्याला आपटून आवाज फाटला की तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. कमी नोंदवलेला मात्र नंतर वाढवता येतो. सुरुवातीला अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली नोंदवावी. पुढे गोंगाट कमी करताना ऑडॅसिटीला त्या तुकड्यावरूनच कळतं की गोंगाट कुठला.

भजनाची खरी अडचण टाळांची असते. पितळी टाळ इतके तीक्ष्ण की बुवांचे शब्द खाऊन टाकतात. बहुतेक डायनॅमिक माइकना पाठीमागून कमी ऐकू येतं. तेव्हा बुवा माइकसमोर आणि टाळकरी माइकच्या पाठीशी, तेही दोन-तीन पावलं मागे, अशी बैठक करावी. टाळकऱ्यांना हे पटवायला वेळ लागतो, कारण भजनात सगळ्यांनी बुवांच्या भोवती बसायचं असतं. एकदा ऐकवलं की पटतं. एकट्या गायकासाठी तानपुरा मोबाइलवर लावून एका कानात द्यावा, खोलीत वाजवू नये. मग मूळ रेकॉर्डिंगमध्ये फक्त गळा राहतो आणि तानपुरा मागाहून हवा तेवढा मिसळता येतो.

आणि नाव. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं ग्रामोफोनच्या शिंगात घेतलं. तबकडीच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या; नाव सांगायचं ते तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून. ओव्यांच्या संग्रहातही बाईचं नाव आणि गाव आहे, म्हणून तर वीस वर्षांनी तिच्या दाराशी परत जाता आलं. आपल्या मोबाइलमध्ये मात्र ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ पडून असतं. गाण्याआधी तोंडानेच सांगावं: कोण गातंय, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, हे गाणं कुणाकडून शिकलं. ते लोकांपुढे मांडायचं असेल तर आधी गाणाऱ्याला विचारावं. १९९४च्या दुरुस्तीपासून आपल्या प्रताधिकार कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणावरचा हक्क मान्य झाला आहे. कायदा नसता, तरी आत्याला न विचारता तिची ओवी जगभर फिरवणं मला योग्य वाटलं नसतं.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग सुमारे ५२० एमबी भरतं. साध्या पेन ड्राइव्हमध्ये असे कितीतरी तास मावतात. दोन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या घरांत. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज म्हणून पाठवलेली फाइल आवळून निम्मीशिम्मी झालेली असते, तिला मूळ प्रत समजू नये, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा फटाक्यांचा आवाज असेल. तो आठवडाभरात थांबेल. तुळशीचं लग्न लागलं की एका पहाटे घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला माजघरात बसवा, पाठीमागे तिचीच गोधडी टांगा, मोबाइल वितीवर ठेवा, तिचं नाव आणि माहेर तिच्याच तोंडून वदवून घ्या, आणि तिला आठवेल ते गाऊ द्या.